गार बाक

शरयू निखाडेचा राग सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होता आणि तो उगीच नव्हता. शाळाशाळांतून फिरून वर्गांतली हवा तपासायची हे तिचं काम, आणि जिथं जावं तिथं लोक ती पोचायच्या आधीच हवेचं वाटोळं करून ठेवत. भिवघाटच्या मत्ते विद्यालयातही तेच झालं. तपासणी येणार म्हटल्यावर शिपायांनी व्हरांडे फिनेलनं धुतले, ऑफिसच्या दाराला ताजा ऑइलपेंट मारला, सरस्वतीच्या फोटोपुढे उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवला, आणि एवढ्यानं भागलं नाही म्हणून तिच्या यंत्राला हळदकुंकू लावून पुढ्यात नारळ फोडला. यंत्र दारातच केकाटायला लागलं.

"अहो, हवा तपासायची आहे," शरयू शिपायावर खेकसली, "मुलगी बघायला आले नाही मी!"

मग सगळी दारंखिडक्या उघडून फिनेलचा वास जाईपर्यंत ती चहा पीत बसून राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलत राहिली.

ही गोष्ट अजून घडायची आहे, पण फार लांबची नाही. आज जी पोरं पाळण्यात आहेत ती सातवीत जातील, तेव्हाची. तोवर उन्हाळा महाशिवरात्रीला सुरू होऊन दिवाळीच्या तोंडापर्यंत रेंगाळायला लागला होता. भिवघाट हे कोळशाच्या खाणीचं गाव, त्यात शेजारी सिमेंटचा कारखाना. खिडकी उघडली की आत काळी-पांढरी धूळ आणि भट्टीसारखा वारा. म्हणून शाळांनी खिडक्या कायमच्या बंद केल्या, गच्चीवर एक मोठं थंड हवेचं यंत्र बसवलं आणि तिथून पत्र्याच्या जाड नळ्या वर्गावर्गात सोडल्या. त्या नळ्यांतून गार हवा यायला लागली आणि सुटलो एकदाचे, असं सगळ्यांना वाटलं.

पण बंद खोलीतली हवा काय काय पोटात घालते ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी शरयूचं यंत्र होतं. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोक त्याला सरळ 'नाक' म्हणत. जगातल्या प्रत्येक वस्तूतून तिचे अतिसूक्ष्म कण हवेत उडत असतात. रंगातून उडतात, लाकडातून उडतात आणि माणसाच्या उच्छ्वासातूनही उडतात. फुप्फुसांना आतून सूज आली, की उच्छ्वासात काही ठरावीक रसायनं वाढतात. खोकला सुरू व्हायच्या, दम लागायच्या कितीतरी आधी ती वाढतात. नाक ती हुंगून वर्गाचा एक आकडा काढी. त्याला सूज-अंक म्हणत.

कायदा करणाऱ्यांनी तेव्हा मोठा हुशार विचार केला होता. हवेत विषं शेकडो असतात, एकेक कुठं शोधत बसणार? त्यापेक्षा मुलांच्या फुप्फुसांनाच विचारा. वर्गाचा सूज-अंक वाढला, की इमारत दोषी. मग शाळेनं दुरुस्ती करायची, नाहीतर हवेचं प्रमाणपत्र मिळणार नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय शाळा उघडता येणार नाही. ऐकायला किती छान! शरयूलाही तो कायदा फार आवडायचा.

चिठ्ठ्या टाकून शाळा वाटल्या जात, आणि यंदा तिच्या वाट्याला मत्ते विद्यालय आलं होतं. तिथले मुख्याध्यापक भगवंतराव निखाडे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ, तिचे भासरे. वडिलांच्या मागे त्यांनीच धाकट्या भावाला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. गावातल्या कोणालाही बोलायला न कचरणारी शरयू त्यांच्यापुढे कधी आवाज चढवत नसे. नात्यातली शाळा नको म्हणून तिनं वर कळवलं होतं, पण दुसरा तपासनीस मोकळा नव्हता, तेव्हा तूच जा असं उत्तर आलं.

वास गेल्यावर तिनं वर्ग तपासायला घेतले. सगळीकडे ठीक होतं. सातवी 'ब'चा अंक तर इतका चांगला आला, की तिनं यंत्राला चापटी मारून पुन्हा बघितलं. गेल्या वर्षी हीच तुकडी जेमतेम सुटली होती. यंदा नळ्या बदलल्या का म्हणून तिनं विचारलं, तर भगवंतराव म्हणाले, देवाची कृपा. वर्ग मात्र तिला मोकळा मोकळा वाटला. कोणी गैरहजर आहे का, असं तिनं खोदून विचारलं. असं विचारायला कारण होतं. तिच्या लहानपणी साहेब तपासणीला यायचे त्या दिवशी कच्च्या पोरांना गुरुजी घरीच बसवायचे. ही रीत काही मेलेली नाही. पण हजेरीपटावरची एकूणएक मुलं समोर बसली होती. पटावरची सगळी हजर आहेत, चारदोन कुटुंबं गाव सोडून गेली असतील, असं भगवंतराव म्हणाले आणि त्यांनी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. प्रमाणपत्र उद्या देते म्हणून शरयू निघाली.

फाटकाबाहेर एक बाई तिच्या स्कूटरला आडवी आली. खाकी कपडे, चेहऱ्यावर कोळशाची पूड, पाळी संपवून थेट खाणीतून आलेली. ती रेखा आस्वले. खाणीत डम्पर चालवायची, घराएवढ्या उंचीचा. तिची मिताली गेल्या वर्षी सहावी 'ब'त पहिली आली होती.

"तुम्हीच हवावाल्या मॅडम ना?" रेखा म्हणाली. "माह्या पोरीले शाळेतून काढलं. काहून काढलं, ते जरा तुमच्या नाकाले विचारून सांगा."

शरयूनं स्कूटर बंद केली. मग रेखानं सगळं सांगितलं.

शाळेच्या फाटकावर एक नळी बसवली होती. बाजारात आता असली स्वस्त खिशातली नाकं मिळायला लागली होती. सकाळी आत येताना प्रत्येक पोरानं नळीत फुंकर मारायची. हिरवा दिवा लागला तर आत, तांबडा लागला तर घरी. आईबाप धास्तावून पोरांच्या तोंडात लवंगा कोंबायचे, पहाटे उठवून वाफ द्यायचे, कोणी ओव्याची पुरचुंडी हुंगवायचे. रेखानंही सगळं करून पाहिलं. मितालीचा दिवा तांबडाच. आधी तब्येत सुधारू द्या म्हणून सुट्टी दिली, मग 'मुलीच्या आरोग्याच्या दृष्टीने' असं लिहून शाळा सोडल्याचा दाखला हातात ठेवला. असेच आणखी तिघांना दाखले मिळाले. दाखला घेऊन रेखा आसपासच्या सगळ्या शाळांत जाऊन आली. सगळीकडे फाटकावर नळी होती. चार महिने झाले, वर्गात पहिली येणारी पोरगी घरी बसून होती, आणि कुठलीही शाळा तिला घ्यायला तयार नव्हती.

झालं काय होतं ते शरयूच्या ध्यानात आलं. वर्गाचा अंक फुप्फुसांवरून ठरतो ना? मग सुजलेली फुप्फुसंच वर्गातून काढून टाका, अंक आपोआप खाली! नळ्या साफ करायची कटकट नको, काही नको. दुखणं हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला. आणि पटावरची सगळी मुलं हजर आहेत, हे भासऱ्यांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. खोटं कुठं होतं त्यात? त्या चौघांना पटावरूनच पुसलं होतं.

मिताली आधीपासून आजारी होती का, असं तिनं विचारलं. रेखा उसळून म्हणाली, कबड्डी खेळायची माझी पोर! सहावीत पहिली आली, तिला गार बाक मिळाला, तेव्हा सगळ्या वस्तीत पेढे वाटले होते मी.

गार बाक म्हणजे काय ते शरयूला माहीत नव्हतं. रेखानं सांगितलं. गार हवेच्या नळीचं तोंड वर्गात जिथं उघडतं, त्याच्या बरोबर खालचा बाक. सगळ्यात गार हवा तिथं. अशा उन्हाळ्यात त्या बाकासाठी पोरं जीव टाकायची, म्हणून शाळेनं तो बक्षीस ठरवला होता. जो पहिला येईल तो तिथं बसेल.

शरयू दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सातवी 'ब'त गेली आणि तिनं वर्गाचं दार लोटून घेतलं. नाकाची एक करामत ती एरवी वापरत नसे, कारण कायद्यात तिची गरज नव्हती. माणूस श्वास सोडतो तो सगळाच हवेत जात नाही. त्यातले जड कण भिंतीत, पडद्यात, प्लायवूडमध्ये मुरतात आणि मग सावकाश बाहेर पडत राहतात. लोणच्याची बरणी धुतली तरी वास राहतो, तसंच हे. बाकाची फळी हळूहळू तापवली, की आधी ताजे कण सुटतात, मग जुने, मग त्याहून जुने. आणि प्रत्येकाच्या श्वासाची घडण निराळी असते, बोटांच्या ठशांसारखी. म्हणजे या बाकावर कोण कोण बसून गेलं आणि त्याच्या छातीत काय चाललं होतं, हे लाकूड सांगू शकतं.

तिनं मागचे बाक पाहिले. साधारण होते. मग ती नळीच्या तोंडाखालच्या बाकाशी गेली आणि फळी तापवायला लावली. सूज दिसली. एकाची नाही, एकापाठोपाठ चौघांची. प्रत्येक जण बसला तेव्हा चांगला होता आणि उठला तेव्हा सुजलेला होता. ती बाकावर चढली, तिनं नळीच्या जाळीपाशी यंत्र धरलं आणि आत डोकावून पाहिलं. आतल्या पत्र्याला ओल धरली होती, ओलीवर कोळशाची धूळ बसली होती आणि धुळीवर बुरशी पोसली होती. वर्षानुवर्षं कोणी हात लावला नव्हता.

म्हणजे शाळा सगळ्यात हुशार पोर निवडायची आणि टाळ्यांच्या गजरात त्या बुरशीखाली नेऊन बसवायची. ते आजारी पडलं, की त्याला हाकलायची आणि दुसऱ्या नंबरच्याला बक्षीस द्यायची.

तेवढ्यात दार उघडलं आणि भगवंतराव आत आले. त्यांच्या पुढे उड्या मारत त्यांची नात शाल्मली.

"छोटी आजी, तू माझ्या बाकावर चढलीस!" पोरगी म्हणाली. "मला गेल्या महिन्यापासून गार बाक मिळाला, सांगितलं नाही का आबांनी?"

शरयूनं तिला पाणी प्यायला बाहेर पिटाळलं. मग तिनं भासऱ्यांना यंत्राचा पडदा दाखवला आणि सगळं सांगितलं. भगवंतराव माणूस वाईट नव्हते, आणि मला त्याचाच जास्त संताप येतो. त्यांचा चेहरा खरोखर उतरला. त्यांनी घाम पुसला.

"अरे देवा," ते म्हणाले. "मग शाल्मलीला आजच तिथून उठवतो."

"आणि तिथं कोणाला बसवता, भाऊजी?"

त्यांनी वर्गावरून नजर फिरवली. रिकाम्या बाकांवर पोरांची दप्तरं होती. त्यांची नजर सगळ्यात मागच्या कोपऱ्यातल्या एका दप्तरावर थांबली.

"ती मडावीची पोरगी बसेल," ते म्हणाले. "दणकट आहे. जंगलातली हाडं आहेत, काही होत नाही त्यांना."

किती सहज म्हणाले! बाजारातून भाजी आणायला सांगावी तसं. शरयूच्या आयुष्यात भासऱ्यांपुढे पहिल्यांदा तोंड सुटलं आणि सुटलं ते असं, की व्हरांड्यातले मास्तर जागच्या जागी उभे राहिले. लाज नाही का वाटत, असं ती त्यांना म्हणाली. तुमची नात तेवढी नात आणि बाकीच्यांची पोरं काय नळीला लावायची फडकी, असं म्हणाली. ज्या हातांनी माझ्या नवऱ्याला घास भरवला, त्याच हातांनी तुम्ही मितालीचा दाखला लिहिलात, असंही म्हणाली.

मग भगवंतराव खुर्चीवर बसले आणि हळू आवाजात बोलायला लागले. गच्चीवरचं यंत्र आणि सगळ्या नळ्या उपसायच्या, तर शाळा निदान दोन महिने बंद ठेवावी लागेल. दहावीची परीक्षा तोंडावर आली आहे. आईबाप खाणीत, घरं पत्र्याची. पोरं त्या भट्टीत दिवसभर कोंडून राहतील. संस्थेला सांगून सांगून आपण थकलो, कोणी दाद देत नाही. चार पोरांसाठी सहाशे पोरांना घरी बसवू का? तूच सांग.

शरयू यंत्र उचलून निघाली. घरी नवऱ्यानंही तेच लावून धरलं. दादानं आपल्यासाठी स्वतःचं शिक्षण सोडलं, एवढं तरी लक्षात ठेव म्हणाला आणि जेवला नाही. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं, पण न जेवणाऱ्या माणसाचं काय करावं? रात्रभर विचार करून तिनं मधला मार्ग काढला. कायद्यात तात्पुरत्या प्रमाणपत्राची सोय होती. काढलेल्या मुलांना परत पटावर घ्यायचं, त्यांना वर्गात बसवून नव्यानं तपासणी करायची, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत नळ्या साफ करू असं संस्थेनं लिहून द्यायचं. फाटकावरची नळी काढायची, गार बाकही काढून टाकायचा. शाळा चालू राहील, परीक्षा होईल, मिताली वर्गात येईल. भासऱ्यांनी स्वतः मुलांच्या घरी जाऊन त्यांना बोलवायचं, एवढी अट तिनं घातली. ते लगेच तयार झाले. शरयूला वाटलं, जमलं बुवा. साप मेला आणि काठीही मोडली नाही.

संध्याकाळी दोघं रेखाच्या दारात गेले. रेखा ओट्यावर बसून भाजी निवडत होती. आत मिताली भिंतीला टेकून वाचत होती; मधूनच तिचा खोकला ऐकू येई. भगवंतरावांनी हात जोडले. चूक झाली म्हणाले, उद्यापासून मुलीला पाठवा म्हणाले. शरयूनं मग सगळी योजना समजावून सांगितली, आणि सांगता सांगता स्वतःच्या शहाणपणावर ती जरा खूशच झाली होती.

रेखानं भाजीचं ताट बाजूला सारलं.

"म्हणजे नळ्या तशाच राहणार," ती म्हणाली.

सुट्टीपर्यंतच, शरयू म्हणाली. शिवाय तो बाक काढणार आहोत.

"बाक काढला म्हणजे हवा जाते काय? तवा कागदासाठी पोरीले काढलं. आता कागदासाठीच बोलावून राहिले. तिनं येऊन बसावं, तुमच्या नाकात फुंकर मारावी, म्हणजे तुमचा आकडा खरा. अन् मग सुट्टी लागेपर्यंत तेच हुंगत राहावं?" रेखानं शरयूकडे रोखून पाहिलं. "ह्या सरांचं मले समजते. त्यांले शाळा चालवायची आहे. तुम्ही तर हवा पाहाले आल्या होत्या ना, मॅडम?"

शरयूच्या तोंडात मारल्यासारखं झालं. दोन दिवस ती जगावर भडकली होती आणि शेवटी तिनंही तेच केलं होतं. शाळा वाचवली होती, प्रमाणपत्र वाचवलं होतं, घरातली शांतता वाचवली होती. हवा होती तिथंच होती.

भगवंतराव पुन्हा सहाशे पोरांचं सांगायला लागले. रेखानं त्यांना पुरतं बोलू दिलं नाही.

"माही पोरगी चार महिन्यांपासून घरी बसली आहे, सर. तवा कोणाची शाळा बुडाली नाही. आता सगळ्यांची पोरं बसू द्या. मग पाहा कशा नळ्या साफ होतात."

एवढं बोलून ती ताट घेऊन आत गेली. भगवंतराव शरयूला चल म्हणाले. जाऊ दे, आडमुठी बाई आहे, बाकीच्या तिघांकडे जाऊ, ती पोरं येतील. शरयू जागची हलली नाही. तिनं पिशवीतून यंत्र काढलं आणि पडद्यावर मत्ते विद्यालयाचं नाव उघडलं. ती काय करते आहे ते भासऱ्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तिचं मनगट धरलं. उभ्या जन्मात त्यांनी तिला बोट लावलं नव्हतं.

"शरयू, हे केलंस तर आपलं घर तुटेल," ते म्हणाले.

"तुटू द्या," ती म्हणाली आणि मनगट सोडवून तिनं शाळा बंदचा आदेश पाठवला. कारणाच्या जागी तिनं बुरशी लिहिली, नळ्या लिहिल्या आणि काढलेल्या चारही मुलांची नावं लिहिली.

आदेश निघाला, की शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या घरी निरोप जाई. वस्तीतल्या घराघरांतून फोन वाजायला लागले. मग दारं उघडली, बाया ओट्यांवर आल्या, काय झालं, काय झालं असा गलका झाला. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या एका पोराचा बाप समोरून तरातरा चालत आला. कोण ती अवदसा, आमच्या लेकरांच्या मुळावर उठलेली, असं त्यानं गल्ली ऐकेल एवढ्या आवाजात विचारलं. भगवंतरावांनी मान खाली घातली.

"मी," शरयू म्हणाली. "माझं नाव शरयू निखाडे. सकाळी शाळेच्या गच्चीवर या. तुमचं पोर वर्षभर काय हुंगत होतं, ते झाकण काढून दाखवते. मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या, आणि कोणाला द्यायच्या तेही तेव्हाच ठरवा."